रोप नेण्याआधी बियाण्याचे गाव विचारा

मे महिना सरत आला की सुरतेच्या लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना भागातल्या खान्देशी घरांत एक बेत हमखास निघतो. शिंदखेडा, साक्री, शहादा, अमळनेर, पारोळ्याकडे वडिलोपार्जित दोन-चार एकर असतात. भाऊ ते कसतो, नाहीतर जमीन पडीक राहते. आपण इथे लूमवर, मिलमध्ये, दुकानात. मग ठरते की पाऊस पडला की सुरतेतूनच सागाची रोपे टेम्पोत भरून न्यायची आणि बांधाला लावायची. ठरते तिथपर्यंत सगळे सोपे असते. नर्सरीत गेल्यावर गोंधळ सुरू होतो. एकाच पाटीखाली काही रोपे कमरेएवढी, काही वीतभर, असे का? उंच ती जातिवंत का? ‘टिश्यू कल्चर’साठी कितीतरी पट जास्त पैसे द्यावेत का? शेजाऱ्याने नेलेली रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली, त्यात दोष जमिनीचा, पाण्याचा की रोपांचा?

हे प्रश्न वाचक दरवर्षी विचारतात, म्हणून हा लेख. त्यातले मुख्य सांगणे पहिल्यांदाच सांगतो: रोपाची उंची आणि भाव विचारण्याआधी त्याचे बी कुठल्या जंगलातले, कुठल्या झाडांचे, हे विचारा. कापडाच्या ताक्याचा भाव करताना तुम्ही आधी सूत पाहता, चमक नंतर. झाडाच्या बाबतीतही हीच शिस्त लागते, कारण इथे चूक कळायला दहा वर्षे जातात.

उंची काय सांगते, काय सांगत नाही

दोन रोपांत फरक दिसला तर त्याला तीन कारणे असू शकतात. पहिले वय: एक फेब्रुवारीत पेरलेले, दुसरे एप्रिलमध्ये. दुसरे संगोपन: पिशवीचा आकार, माती-शेणखताचे प्रमाण, सावलीची जाळी, युरियाचा डोस. तिसरे वंश: बी ज्या झाडाचे, त्या झाडाकडून आलेले गुण. नर्सरीत उभे राहून तुम्हाला पहिली दोन कारणे तिसऱ्यापासून वेगळी करता येत नाहीत. दाट ठेवलेल्या आणि युरिया दिलेल्या पिशव्यांतले रोप लांब, पिवळट आणि लवचिक होते. ते कमरेएवढे दिसले तरी त्यात वंशाचा मोठेपणा काही नसतो.

त्यात आणखी एक भर पडते. मोठ्या, भरदार बियांतून निघालेले रोप सुरुवातीला जोरात वाढते, कारण त्याच्या शिदोरीत अन्न जास्त असते. हा फायदा पहिल्या वर्षाचा. पुढे तो ओसरत जातो.

वनखात्याची सागलागवडीची जुनी पद्धत पाहिली तर उंचीचे महत्त्व किती कमी आहे ते कळते. गादीवाफ्यावर वर्षभर वाढवलेले रोप उपटतात, त्याचा वरचा सगळा भाग कापून टाकतात, दोन-तीन सेंटीमीटर खोड आणि १५ ते २० सेंटीमीटर सोटमूळ ठेवतात आणि तेच लावतात. यालाच सागाचा स्टंप किंवा जडी म्हणतात. अंगठ्याएवढ्या जाडीची जडी चांगली मानतात. तिथे उंचीचा प्रश्नच उरत नाही, मुळाची जाडी आणि बियाण्याचे मूळ ठिकाण एवढेच उरते.

साग एकच, पण ठिकाणागणिक वेगळा

झाडे शेकडो पिढ्या एका जागी राहिली की तिथल्या पावसाला, मातीला, उन्हाळ्याला जुळलेली झाडे टिकतात आणि त्यांचेच बी पुढे जाते. म्हणून एकाच जातीचे झाड वेगवेगळ्या जंगलांत वेगवेगळ्या सवयीचे होते. केरळातल्या निलांबूरचा साग, गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग, आपल्या शेजारच्या डांगचा साग आणि सातपुड्याच्या कोरड्या उतारावरचा साग हे सगळे सागच. पण त्यांचे बी एकाच शेतात पेरले तर रोपांची वाढ, पानांचा आकार, मुळांची खोली, पुढे खोडाचा सरळपणा आणि फुलायचे वय यांत फरक पडतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. १९७० च्या दशकात डेन्मार्कच्या वनबीज केंद्राच्या समन्वयाने भारत, थायलंड, लाओस, इंडोनेशिया, आफ्रिका इथले सागाचे बी गोळा करून अनेक देशांत शेजारी शेजारी लावले आणि वर्षानुवर्षे मोजले. बियाण्याच्या मूळ ठिकाणाचा फरक स्पष्ट दिसला. भारताच्या कोरड्या अंतर्भागातला साग बहुतेक ठिकाणी मंद वाढला आणि लवकर फुलला. लवकर फुलणे लाकडासाठी वाईट असते. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. शेंडा फुलात गेला की खोड तिथे दुभंगते, आणि सरळ, फांदीविरहित ओंडक्याची लांबी तिथेच संपते.

मग कोरड्या भागातले बी घेऊच नये का? इथेच निर्णय तुमच्या जमिनीवर येतो. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा रस्ता आठवा. सुरतेत वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस, डांगात दोन हजारांच्या आसपास. सोनगड-नवापूरपर्यंत दोन्ही बाजूंना साग दिसतो. विसरवाडी सोडून कोंडाईबारीचा घाट ओलांडला आणि साक्रीकडे उतरलात की हवा बदलते. शिंदखेडा-धुळे पट्ट्यात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. सुरतेच्या आसपासच्या नर्सरीतले सागाचे बी बहुधा डांग, व्यारा, वलसाडच्या ओल्या जंगलातले असते. तिथले रोप पाने मोठी आणि रुंद करते, वर झेपावते. कोरड्या भागातल्या बियांचे रोप पुष्कळदा वर कमी आणि खाली जास्त वाढते. नर्सरीत पहिले देखणे दिसते. मुरमाड बांधावर, दुसऱ्या एप्रिलमध्ये, पाणी नसताना कोणते जगेल याचा विचार करा.

माझे मत असे:

- कोरडवाहू, हलकी जमीन, पाण्याची सोय नाही: तुमच्या तालुक्यातल्या किंवा तितक्याच पावसाच्या जंगलातले बी. वाढ मंद राहील, पण झाड राहील.
- विहीर किंवा ठिबक आहे, जमीन खोल आणि निचऱ्याची: डांग-नवापूर पट्ट्यातले किंवा नावाजलेल्या ओल्या भागातले बी घेऊन पाहायला हरकत नाही, मात्र पहिले तीन उन्हाळे पाणी द्यायचे असेल तरच.
- काळी, चिकण, पाणी साचणारी जमीन: साग नकोच, मग बी कुठलेही असो. सागाला पाय ओले चालत नाहीत.
- जमीन पडीक आणि तिकडे पाहणारे कुणी नाही: साग सोडा, अंजन, बाभूळ, कडुनिंबाकडे वळा.

बाकी झाडांबद्दल थोडे

*बाभूळ.* वंश पाहण्याचा यापेक्षा सोपा धडा नाही. आपल्याकडे रामकाठी बाभूळ आणि तेल्या बाभूळ ही एकाच जातीची दोन रूपे आहेत. रामकाठी सरळ, निमुळती, सुरूसारखी उभी वाढते आणि बांधावर पिकाला सावली कमी करते. तेल्या पसरते. पिशवीतल्या वयात दोघींत फरक ओळखणे कठीण. बी ज्या झाडाचे, ते झाड पाहिले तरच खात्री. बांधासाठी बाभूळ हवी असेल तर गावातली सरळ रामकाठी शोधा आणि तिच्याच शेंगा उन्हाळ्यात जमा करा. वेडी बाभूळ, जिला सुरतेत गांडो बावळ म्हणतात, ती मात्र परदेशी, वेगळ्याच जातीची. ती चुकूनही शेतात आणू नका.

*कडुनिंब.* याचे बी ताजे असेल तरच उगवते. निंबोळी पिकून पडल्यावर काही आठवड्यांतच उगवणशक्ती घसरते. म्हणून ‘गेल्या वर्षीचे बी आहे, स्वस्तात देतो’ हा व्यवहार करू नका. जून-जुलैत गावातल्याच निरोगी, जुन्या निंबांखालच्या निंबोळ्या वेचून गर धुऊन लगेच पेरलेल्या बऱ्या.

*अंजन.* खान्देशच्या कोरड्या डोंगरांचे हे हक्काचे झाड, चारा आणि टणक लाकूड दोन्ही देणारे. पण त्याला दरवर्षी भरघोस बी येत नाही. चांगले वर्ष तीन-चार वर्षांतून एकदा. शेंगा एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. सोटमूळ फार लवकर खोल जाते, म्हणून पिशवीतल्या मोठ्या रोपापेक्षा पावसाच्या तोंडावर थेट बी टोचणे सरस.

*मलबार नीम.* गुजरातेत याचा सध्या बोलबाला आहे. प्लायवुडला चालते, झपाट्याने वाढते, हे खरे. पण बियांपासून केलेल्या रोपांत कमालीचा विषमपणा असतो: एकाच ओळीत एक झाड मांडीएवढे, दुसरे मनगटाएवढे. कोईमतूरची वन आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्था आणि देहरादूनची वन संशोधन संस्था यांनी निवडलेले वाण उपलब्ध आहेत. त्यांचे नाव आणि परवानाधारक नर्सरी विचारा. दुसरी अडचण ओळखीची. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले, म्हणजे एका दांड्यावर दोन्ही बाजूंना पानोळ्या. मलबार नीम आणि बकाणा यांची पाने दोन-तीनदा विभागलेली, दांड्याला उपदांडे फुटलेले. पाटीवर मलबार नीम आणि पिशवीत बकाणा, असे प्रकार घडतात. नर्सरीत मोठे मातृवृक्ष किंवा त्यांचे फोटो दाखवायला सांगा.

*चिंच आणि जांभूळ.* उत्पन्न फळाचे हवे असेल तर बियांची रोपे घेऊ नका. कलम घ्या, कारण कलमाला मूळ झाडाचेच गुण येतात. चिंचेत मराठवाड्याचे ‘प्रतिष्ठान’, जांभळात कोकणचे ‘कोकण बहाडोली’ आणि गोध्र्याच्या केंद्राचे ‘गोमा प्रियांका’ हे वाण प्रसिद्ध आहेत. सावली आणि लाकूड हवे असेल तर बियांचेच रोप चालते.

*चंदन.* हे अर्धपरोपजीवी आहे. शेजारच्या झाडाच्या मुळातून अन्न-पाणी ओढते. सोबत यजमान झाड नसेल तर रोप कितीही जातिवंत असले तरी मरते. गाभा आणि तेल किती वर्षांत, किती भरेल याची हमी कोणी दिली तर त्यावर विश्वास ठेवू नका.

नर्सरीत हे विचारा

उत्तर तोंडी नको, बिलावर किंवा साध्या कागदावर लिहून घ्या.

1. बी कुठल्या जिल्ह्यातल्या, कुठल्या जंगलातले किंवा लागवडीतले? तुम्ही गोळा केले की विकत घेतले?
2. किती झाडांवरून गोळा केले? एकाच मोठ्या झाडाखालून पोते भरले असेल तर ती सगळी रोपे भावंडे असतात.
3. झाडे निवडलेली होती का? वनखात्याचे बीजोत्पादन क्षेत्र किंवा बीजोद्यान इथले बी असेल तर त्याची पावती दाखवा.
4. पेरणी कोणत्या महिन्यातली? रोप किती महिन्यांचे?
5. पिशवी कधी बदलली?
6. वाण किंवा क्लोन असेल तर त्याचे नाव, क्रमांक, आणि ते कोणत्या पावसाच्या भागात तपासले?

‘बी कुठले ते माहीत नाही’ असे प्रामाणिक उत्तर आले तर रागावू नका. मात्र अशी रोपे सावलीसाठी, कुंपणासाठी घ्या. वीस वर्षांच्या लाकडाचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नका.

हे सगळे तुम्हालाच विचारावे लागते, कारण १९६६ चा बियाणे कायदा अन्नधान्य, फळे-भाजी, कापूस, चारा अशा पिकांसाठी आहे. सागाच्या किंवा अंजनाच्या बियांना बाजारात विकण्यासाठी कापसाच्या बियाण्यासारखे सक्तीचे लेबल लागत नाही.

रोप हातात घेऊन पाहायचे

- मातीलगत खोडाची जाडी. सारख्या वयाच्या रोपांत जाड बुंध्याचे रोप उंच रोपापेक्षा जास्त भरवशाचे.
- पिशवी सोलून एखादे रोप उघडे करून पाहा. मुळे तळाशी गोल गुंडाळली असतील तर ते रोप जमिनीतही तसेच गुंडाळलेले राहते आणि काही वर्षांनी वाऱ्याने कोलमडते.
- शेंडा एकच, शाबूत. सागात दुशेंडी रोप टाळा.
- तुलना फक्त एकाच दिवशी पेरलेल्या, एकाच आकाराच्या पिशवीतल्या रोपांची करा.

लॉटमधली अगदी खुरटी, पिवळी रोपे बाजूला काढा. उरलेल्यांत थोडी लहान-मोठी असली तरी चालतील. सगळी एका साच्यातून काढल्यासारखी दिसत असतील आणि विक्रेता ती बियांपासूनची सांगत असेल, तर आधी बियाण्याचा प्रश्न पुन्हा विचारा.

टिश्यू कल्चर आणि एकाच झाडाच्या हजार प्रती

टिश्यू कल्चर म्हणजे एका झाडाच्या हुबेहूब प्रती. मूळ झाड उत्तम आणि तुमच्यासारख्या जमिनीत तपासलेले असेल तर प्रती उत्तम. मूळ झाड साधारण असेल तर तुम्ही महाग भावाने हजार साधारण झाडे घेता. म्हणून विचारायचे ते तंत्राबद्दल नाही, त्या एका झाडाबद्दल. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धत चालवली आहे. त्या प्रयोगशाळेला मान्यता आहे का आणि रोपांवर प्रमाणपत्राचे लेबल आहे का, ते पाहा. पण ते लेबल रोप निरोगी आणि एकसारखे असल्याचे सांगते. लाकूड किती निघेल ते सांगत नाही.

एकच वाण सगळ्या शेतात लावण्याचा धोका सुबाभळीने दाखवून दिला आहे. सुबाभळीचा चाऱ्यासाठी प्रसार करणाऱ्यांत बायफ ही संस्था पुढे होती. तिचे संस्थापक मणिभाई देसाई याच सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचे. उरुळी कांचनला १९६७ साली त्यांनी ही संस्था उभी केली आणि हजारो कोरडवाहू शेतकऱ्यांना हिरवा चारा मिळाला. पण जगभर पसरलेली सुबाभूळ मोजक्याच वंशातली होती. १९८८ च्या सुमारास सुबाभळीचा रस शोषणारा सायलिड किडा भारतात आला, आणि सारख्या वंशाची झाडे त्याला सारखीच बळी पडली. त्यामुळे दोनशे झाडे लावायची असतील तर ती दोन-तीन ठिकाणच्या बियांची किंवा तीन-चार क्लोनची असू द्या.

‘रोपे आम्ही देतो, वीस वर्षांनी इतके लाख’ अशा योजनांपासून दूरच राहा. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या नावाने लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या कितीतरी कंपन्या बुडाल्या. सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. तुमच्याकडून पैसे गोळा करून एकत्र लागवड करणारी योजना सेबीकडे नोंदलेली नसेल तर ती बेकायदा आहे.

स्वतः बी जमवायचे असेल तर

गावी राहणाऱ्या भावाला हे काम सहज जमते आणि बहुधा हाच सर्वांत चांगला मार्ग ठरतो. सरळ खोडाची, निरोगी, मध्यमवयीन झाडे निवडा. एकटे, बाजूला उभे असलेले झाड टाळा. त्याला दुसऱ्याचा पराग मिळत नाही आणि रोपे दुबळी निघू शकतात. शक्य तितक्या जास्त, पंचवीस-तीस झाडांवरून बी घ्या आणि दोन झाडांत पन्नास ते शंभर मीटर अंतर ठेवा म्हणजे भावंडे टळतात. प्रत्येक झाडाचे थोडे थोडे घ्या. पिशवीत चिठ्ठी टाका: गाव, तारीख, झाडांची संख्या.

राखीव जंगलातून परवानगीशिवाय बी आणू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क तिथल्या आदिवासी आणि पारंपरिक वनवासींना, त्यांच्या ग्रामसभांना दिला आहे. नवापूर, अक्कलकुवा, डांगकडे बी हवे असेल तर त्यांच्याकडून विकत घ्या. खासगी शेतातल्या झाडांसाठी मालकाची परवानगी पुरते.

सागाचे फळ टणक असते आणि ताजे बी नीट उगवत नाही. ते वर्षभर जुने करून, मग रात्री पाण्यात आणि दिवसा उन्हात असे आलटून पालटून काही दिवस ठेवून पेरतात.

दोन ओळींची परीक्षा

मोठी लागवड करण्याआधी एक पावसाळा परीक्षेला द्या. दोन ठिकाणच्या बियांची रोपे घ्या, प्रत्येकी तीस-चाळीस पुरेत. एक ओळ एकाची, पुढची दुसऱ्याची, अशा ओळी आलटून पालटून लावा. एका ठिकाणची सगळी विहिरीजवळ आणि दुसरी सगळी मुरमावर असे झाले तर परीक्षा फुकट जाते, कारण तुम्ही बियांची नाही, जमिनीची तुलना करता. ओळींना रंगीत खुंट्या ठोका. दोन उन्हाळ्यांनंतर तीन गोष्टी वहीत लिहा: किती जगली, जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाचा घेर किती, किती सरळ. त्या वहीपुढे विक्रेत्याच्या जाहिरातीला किंमत उरत नाही.

नेताना

रोपे संध्याकाळी भरा, रात्री न्या, ताडपत्री वरून घाला पण बाजूने हवा खेळती ठेवा. आदल्या दिवशी पाणी द्या. सागाच्या जड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या डब्यातही नेता येतात, आणि गावाकडच्या लागवडीला त्याच मला जास्त सोयीच्या वाटतात. पहिला दमदार पाऊस झाल्याचा गावाहून फोन आल्यावरच निघा. सुरतेत पाऊस सुरू झाला म्हणजे शिंदखेड्यात झाला असे होत नाही.

बिल, तक्रार आणि तुमचे हक्क

‘रोपांवर जीएसटी नाही, म्हणून बिल नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. जिवंत रोपांवर कर शून्य आहे, पण शून्य कराचेही बिल करता येते. बिलावर झाडाचे नाव, वाण, बियाण्याचे ठिकाण, रोपांचे वय, संख्या, तारीख आणि ‘स्वतःच्या शेतीसाठी’ असे शब्द लिहून घ्या. शेवटचे शब्द महत्त्वाचे, कारण ग्राहक कायदा व्यापारासाठी केलेल्या खरेदीला लागू होत नाही. पोटापाण्याच्या शेतीला होतो. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी ग्राहकच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात दिला आहे.

रोपे दुसऱ्याच जातीची निघाली, किंवा लेखी सांगितल्याप्रमाणे नव्हती, तर:

- लगेच फोटो काढा, शेतात पंचनामा करून घ्या. कृषी सहायक किंवा वनरक्षकाला बोलावून त्यांचा अभिप्राय लिहून घेता आला तर उत्तम.
- विक्रेत्याला लेखी नोटीस द्या.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
- पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. विक्रेता जळगावचा असला तरी तुम्ही लिंबायतला राहता म्हणून सुरतेच्या आयोगात जाऊ शकता. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.
- मुदत २ वर्षांची. झाडाचे दोष उशिरा कळतात, म्हणूनच पहिल्या पावसाळ्यानंतर मोजणी करून ठेवा.

नोंदणीकृत वाण किंवा क्लोन घेतला असेल तर आणखी एक आधार आहे. पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांसाठीच्या २००१ च्या कायद्यानुसार वाण काढणाऱ्याने तो कोणत्या परिस्थितीत काय देईल हे सांगणे बंधनकारक आहे. तसे मिळाले नाही तर शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. याच कायद्याने तुमच्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा हक्कही राखला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

तोडणीचे आताच पाहा

साग, चिंच, मोह, आंबा, खैर, चंदन, अंजन, जांभूळ ही झाडे महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. परवानगी मागताना पहिला प्रश्न येतो, झाडे तुमची कशावरून? म्हणून लागवडीच्या वर्षापासूनच ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवा आणि सातबाऱ्यावर ती दिसतात का ते तपासा. सातबारा भावाभावांत सामाईक असेल तर झाडे कुणाची, किती वाट्याने, हे आजच कागदावर लिहून सह्या घ्या. नंदुरबार, साक्री भागातल्या अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे. त्यांनी परस्पर व्यापाऱ्याशी सौदा करू नये, वनविभागामार्फत जावे. बांबूला मात्र २०१७ पासून केंद्राच्या वन कायद्यात ‘झाड’ मानत नाहीत.

कुठे विचारावे

सुरतेहून सर्वांत जवळ नवसारी कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय. मलबार नीम आणि सागाबद्दल तिथे विचारा. खान्देशातल्या जमिनीसाठी धुळे, नंदुरबार, जळगावची सामाजिक वनीकरणाची कार्यालये, कारण त्यांना तिथला पाऊस आणि तिथल्या रोपवाटिका ठाऊक असतात. महाराष्ट्रासाठीची केंद्रीय वनसंशोधन संस्था जबलपूरला आहे, गुजरातसाठीची जोधपूरला. खासगी नर्सरी वाईट आणि सरकारी चांगली असे समीकरण करू नका. सरकारी रोपवाटिकेतही बियाण्याचे ठिकाण विचारायचेच.

यंदा लावायचे असेल तर जून उजाडण्याआधी एकदा रिकाम्या हाताने नर्सरीत जाऊन या, वरचे सहा प्रश्न विचारा, आणि बियाण्याचे ठिकाण लिहून देईल त्यालाच ॲडव्हान्स द्या.